‘जागा नाही’ म्हणजे काय? सोनापूर, शिवडी आणि देवनार



आजचा विषय असा आहे की त्याचं नाव तिन्हीसांजेला घेऊ नये असं आपल्या घराघरांत सांगतात. मसणवटा, स्मशान, कब्रस्तान, दफनभूमी, रुद्रभूमी. एवढे शब्द आपल्याकडे आहेत, आणि तरी या जागेविषयी विचार करायची वेळ आली की आपण बोलणं आवरतं घेतो. आज ते आवरतं घ्यायचं नाही, असं आम्ही ठरवून आलो आहोत.

सुरुवात एका वाक्यापासून करू. वाक्य तीन शब्दांचं आहे: ‘मुंबईत जागा नाही.’ शाळेच्या मैदानाचा प्रश्न निघाला की हे वाक्य येतं, गिरणी कामगारांच्या घरांचा निघाला की येतं, आणि वाढत्या वस्तीसाठी नवी दफनभूमी मागितली की सगळ्यात आधी येतं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याची खोड अशी की वाक्य कितीही ओळखीचं असो, त्याला धरून विचारायचं: बाबा रे, तू वस्तुस्थिती सांगतोस की निवाडा देतोस? ‘आज पाऊस नाही’ ही वस्तुस्थिती झाली. ‘तुझ्यासाठी वेळ नाही’ हा निवाडा झाला, कारण वेळ असतोच, तो कुणाला द्यायचा हे आपण ठरवलेलं असतं. ‘जागा नाही’ हे यांपैकी कुठल्या जातीचं वाक्य आहे, एवढीच आजची चौकशी. त्यासाठी तीन ठिकाणी जाऊ: गिरगावाशेजारचं सोनापूर, शिवडी, आणि शेवटी देवनार-गोवंडी.

पहिलं सोनापूर. आजच्या मरीन लाइन्स स्टेशनाला लागून असलेला हा पट्टा. चंदनवाडीची स्मशानभूमी तिथे आहे, बडा कब्रस्तान तिथेच आहे, आणि एके काळी गोऱ्यांची दफनभूमीसुद्धा तिथेच होती. जिवंतपणी ज्यांच्या वाड्या, मोहल्ले आणि बंगले वेगवेगळे होते, ती माणसं मेल्यावर एकमेकांच्या शेजारी येत. हे कुणी आखून केलं असं नाही. त्या काळी गावाच्या कडेला समुद्राकाठी मोकळी जमीन होती, म्हणून झालं. पण झालं ते चांगलं झालं, असं आमचं मत आहे.

पुढे शहर वाढलं आणि कडेला असलेलं सोनापूर मध्ये आलं. तेव्हा सरकारच्या मनात आलं की इथली स्मशानभूमी उचलून शिवडीला न्यावी. आरोग्याचं कारण होतं, धुराचं होतं, वासाचं होतं. ही कारणं खोटी नव्हती, हे आधी कबूल करू. दाट वस्तीच्या शहरात प्रेतं कुठे जाळावीत आणि कुठे पुरावीत हा प्रश्न त्या शतकात जगभर पेटलेला होता. पण जगन्नाथ शंकरशेट, आपले नाना, या बेताच्या विरोधात उभे राहिले आणि सोनापूर जिथल्या तिथे राहिलं.

नानांच्या चरित्रात ही गोष्ट बहुतेक वेळा ‘धर्मरक्षणा’च्या सदरात टाकतात. आम्हांला ती नगररचनेच्या सदरात टाकावीशी वाटते. गिरगावाहून शिवडी म्हणजे सात-आठ किलोमीटर. तिरडी खांद्यावरून न्यायची. भर पावसाळ्यात न्यायची. ज्याच्या घरी गाडीघोडा आहे त्याचं एक वेळ निभेल. पण रोजावर पोट असलेल्या माणसाने चार खांदेकरी एवढ्या लांब कुठून न्यावेत? ज्या समाजात अंत्यविधी खांद्यावर चालतो, तिथे अंतर हा विधीचाच भाग असतो. लांब नेलं की विधी बदलतो, येणारी माणसं कमी होतात, आणि गरिबाचं मरण एकट्याचं होतं. तेव्हा या भांडणाच्या तळाशी एक साधा सिद्धांत आहे: मृताची जागा जिवंत माणसांच्या चालण्याच्या टप्प्यात असली पाहिजे.

आता शिवडी. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. नाना त्याच वर्षी ३१ जुलैला वारले. आणि त्याच सुमारास क्रॉफर्डसाहेबांनी शिवडीला ख्रिस्ती दफनभूमीसाठी जागा घेतली. कुठली जागा? ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची जुनी बाग. ती बाग आधीच भायखळ्याला, आजच्या राणीच्या बागेत, हलली होती. म्हणजे झाडांची माती, मुरलेली, निचरा होणारी, सावली असलेली. सोनापूरची गोऱ्यांची दफनभूमी भरत आली होती, तेव्हा पर्याय हवाच होता.

इथे काळ लक्षात घ्या. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला, आणि १८६४च्या गणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरलेली. शहर फुगत होतं, म्हणून आखणी मोठी झाली. पुढच्याच वर्षी तेजीचा फुगा फुटला, आणि १८७२च्या खानेसुमारीत आकडा ६,४४,४०५वर उतरला. म्हणजे वाढीचा अंदाज तेवढ्यापुरता साफ चुकला. पण जागेचा निर्णय चुकला नाही. दीडशेहून अधिक वर्षं ती दफनभूमी या शहराच्या उपयोगी पडते आहे. व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणारे स्टीव्हन्स तिथे आहेत, गेटवे ऑफ इंडियाचे जॉर्ज विटेट तिथे आहेत, आणि लोकमान्यांचे सहकारी काका बॅप्टिस्टाही तिथेच आहेत. सुरुवातीला युरोपियनांसाठी आखलेल्या जागेत पुढे इथले ख्रिस्ती आले. यावरून घेण्यासारखी गोष्ट एकच: दफनभूमीची जमीन गरजेच्या आधी घ्यावी लागते. गरज दारात आल्यावर घ्यायला गेलात, तर मिळते ती उरलेली जमीन.

क्रॉफर्ड काही एकटे नव्हते. पॅरिसमधली इनोसंट्सची जुनी दफनभूमी १७८० साली बंद करावी लागली, आणि १८०४ साली शहराबाहेर पेर-लाशेज उघडली. लोक तिकडे जायला तयार होईनात, तेव्हा १८१७ साली मोलिएर आणि ला फोंतेन यांचे मानले जाणारे अवशेष तिथे नेऊन ठेवले. थोरामोठ्यांचा शेजार मिळतो म्हटल्यावर लोक यायला लागले! लंडनने १८५४ साली ब्रुकवुडला दूर दफनभूमी काढली आणि वॉटर्लूजवळून तिकडे खास आगगाडी सोडली. त्या गाडीत मृतांनाही तिकिटाचे वर्ग होते. हसू नका; मुद्दा गंभीर आहे. त्यांनी दूर नेलं, पण दूर नेताना जाण्याची सोयही केली. अंतर आणि सोय हे दोन्ही एकाच आखणीत होतं. आपल्याकडे लोकांना लांब जायला सांगतात, आणि कसं जायचं ते तुमचं तुम्ही बघा म्हणतात.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, तिसरीतलं आहे.

समजा, एका वस्तीत दफन करणारी ५ लाख माणसं आहेत. हजारी ६ मृत्यू धरले, तर वर्षाला ३,००० दफनं. एका कबरीला वाटेसकट ३ चौरस मीटर धरा. म्हणजे वर्षाला ९,००० चौरस मीटर जमीन लागली. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच लागणार का? नाही, कारण काही काळाने तीच जागा पुन्हा वापरता येते. तो काळ २ वर्षांचा धरला, तर एकूण १८,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेचार एकर पुरतात. १० वर्षांचा धरला, तर बावीस एकर. ५० वर्षांचा धरला, तर १११ एकर.

या गणितात मृत्यूचं प्रमाण लोकसंख्याशास्त्र सांगतं. कबरीचं माप फूटपट्टी सांगते. पण ती वर्षं, २ की १० की ५०, कोण सांगतं? थोडंफार माती सांगते. निचऱ्याच्या मातीत देह लवकर मातीशी एक होतो. भरावाच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत वेळ लागतो. आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुरला तर फारच वेळ लागतो, हे महासाथीने आपल्याला शिकवलं. पण माती फक्त कमीत कमी किती ते सांगते. जास्तीत जास्त किती हे माणसांनी ठरवायचं असतं. आपल्या आईची कबर किती वर्षं आईचीच राहावी? पहिल्या वर्षश्राद्धापर्यंत? मुलं मोठी होईपर्यंत? नातवंडांना दाखवता येईल इथपर्यंत? सिंगापूरने १९९८ साली हा आकडा कायद्याने १५ वर्षं ठरवला. तो बरोबर की चूक हा भाग वेगळा; पण त्यांनी तो उघड ठरवला, जाहीर केला आणि लोकांना सांगितला.

आमची पहिली टीका इथे आहे. मुंबईचा २०३४पर्यंतचा विकास आराखडा २०१८ साली मंजूर झाला. शाळा, मंडई, उद्यान यांच्याप्रमाणे दफनभूमी-दहनभूमी हीसुद्धा त्यात आरक्षणाची एक बाब आहे. आराखडा हा नुसता नकाशा नसतो, तो मजकूर असतो. कवितेत जसं न लिहिलेलंही वाचावं लागतं, तसं आराखड्यातही वाचावं लागतं. जमिनीचा आकडा लिहिला की वर्षांचा आकडा आपोआप ठरतो. मृताला या शहरात किती काळ जागा आहे, हे कुणी न बोलता ठरवून टाकतं. जमीन कमी पडली की तो काळ दहावरून पाचवर, पाचावरून दोनावर येतो. कुठे ठराव नाही, चर्चा नाही. कबर खोदणारा माणूस फावड्याने तो निर्णय अमलात आणतो, आणि दोष त्याच्या माथी येतो.

आता कुणी म्हणेल, आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात कुणीतरी हमखास म्हणतंच, की मेलेल्याला काय कळतंय? आक्षेप जुना आहे आणि तगडा आहे. आपले चार्वाक हेच म्हणत. एपिक्युरस म्हणे, आपण आहोत तोवर मरण नाही, आणि मरण आलं की आपण नाही. डायोजिनिसची गोष्ट सिसेरोने सांगितली आहे. तो म्हणाला, मला बाहेर फेकून द्या. मित्र म्हणाले, जनावरं खातील. तर म्हणाला, मग हाताशी एक काठी ठेवा. मेल्यावर तुला जनावरं कळणार कशी? मग ती खातील तर माझं काय बिघडणार!

युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त तो उत्तर देतो ते दुसऱ्याच प्रश्नाचं. डायोजिनिस स्वतःच्या प्रेताविषयी बोलतो आहे. आपण दुसऱ्याच्या प्रेताविषयी बोलतो आहोत. ‘माझं काहीही करा’ म्हणायचा मला हक्क आहे. ‘तुझ्या आईचं काहीही करू’ म्हणायचा नाही. हेगेलने १८०७ सालच्या ग्रंथात अँटिगनीच्या संदर्भात हे नेमकं मांडलं. मरण ही निसर्गाने माणसावर केलेली गोष्ट आहे. अंत्यसंस्कार करून नातलग ती आपल्या हाती घेतात, आणि मेलेला माणूस नुसता एक पदार्थ न राहता समाजाचा सभासद राहतो. म्हणून राजाने दफनाला बंदी केली तेव्हा ती भावाच्या प्रेतावर माती टाकायला गेली. फार नाही, मूठभर.

मूठभर माती म्हटल्यावर आपली भाषा बघा. ‘मूठमाती देणे’ हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो. बहुसंख्य मराठी माणसं दहन करतात, पण निरोपाचा शब्द मातीचा आहे. माणसाची शेवटची गरज सांगायची तर ‘साडेतीन हात जमीन’ म्हणतो. दफन ही परक्यांची रीत आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी स्वतःची भाषा तपासावी. लिंगायत समाज दफन करतो. नाथपंथी गोसाव्यांत समाधी देतात, महानुभावांत भूमिसंस्कार आहे. हिंदूंच्या घरात तान्हं मूल गेलं तर ते पुरतात. आळंदीला लाखोंची वारी जाते ती समाधीला जाते.

याला जोडूनच दुसरा आक्षेप येतो: सगळ्यांनी दहनच करावं, जागा वाचेल. हा आक्षेप घेणाऱ्यांनी गिरगाव चौपाटी आणि दादर चौपाटी आठवावी. १ ऑगस्ट १९२०ला लोकमान्यांचं दहन गिरगाव चौपाटीवर झालं. तिथे एरवी दहन करत नाहीत. तो अपवाद होता. आज तिथे पुतळा आहे. ७ डिसेंबर १९५६ला बाबासाहेबांचं दहन दादरच्या चौपाटीवर झालं. आज तिथे चैत्यभूमी आहे, आणि दर ६ डिसेंबरला लाखो माणसं तिथे येतात. दोघांचंही दहन झालं, आणि तरी दोघांच्या लोकांना जागा लागलीच. दहनाने देहाची जागा वाचते, आठवणीची वाचत नाही. मोठ्या माणसाच्या आठवणीला शहर देतं तशी लहान माणसाच्या आठवणीलाही थोडी लागते. तिला पुतळा नको असतो. येऊन उभं राहता येईल एवढं पुरतं.

आणि रीत बदलायची असेल तर ती आतून बदलते. पारशी समाजाकडे पाहा. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीला साडेतीनशे वर्षांची परंपरा. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधाने गिधाडं मेली. त्या औषधावर २००६ साली बंदी आली, पण तोवर आकाश रिकामं झालं होतं. मग समाजात वाद झाले, कडाक्याचे झाले. काहींनी सौर संकेंद्रक धरले, काहींनी २०१५ साली वरळीला दहनाआधीच्या प्रार्थनेसाठी प्रार्थनागृह उभं केलं, काही जुन्या रीतीवरच राहिले. वाद अजून मिटलेला नाही. पण तो त्यांचा त्यांनी घातला, शहराने परिपत्रक काढून मिटवला नाही.

परिपत्रक म्हटलं की ३० मार्च २०२० आठवतो. त्या दिवशी महापालिकेने आदेश काढला की कोविडने गेलेल्या सगळ्यांचं, धर्म कुठलाही असो, दहनच करायचं. तो आदेश त्याच दिवशी मागे घ्यावा लागला. पुढे वांद्र्यातल्या दफनभूमींत कोविडची दफनं होऊ नयेत म्हणून लोक उच्च न्यायालयात गेले. २२ मे २०२०ला न्यायालयाने ती मागणी फेटाळली, आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच येतो हे पुन्हा अधोरेखित केलं. जगण्याच्या हक्कात मरणानंतरचा सन्मान! तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे विचित्र वाटेल. पण हेगेलची गोष्ट आठवा, मग वाटणार नाही. आदेश मागे घेतला गेला म्हणून हायसं वाटलं, हे खरं. पण म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. एका सहीने लाखो माणसांचा विधी बदलता येतो असं कुणाला तरी वाटलं, ही चिंतेची बाब आहे.

आता देवनार-गोवंडी. महापालिकेचा एम-पूर्व विभाग. २०११च्या जनगणनेत या एका विभागात आठ लाखांवर माणसं होती. ही माणसं तिथे आली कुठून? काही गावाकडून थेट आली. पण बरीचशी शहराने तिकडे नेली. १९७०च्या दशकात शहरातल्या झोपडपट्ट्या उठवून शिवाजीनगरला वसवल्या. १९७६ साली जनता कॉलनी उठवून चिता कॅम्पला नेली. पुढे रस्ते आणि रेल्वे रुंद करताना विस्थापित झालेल्यांच्या इमारती मानखुर्दला उभ्या राहिल्या. त्याच काळात मूळ शहराची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटाची, वस्ती घटत गेली: २००१ला सुमारे ३३ लाख, २०११ला सुमारे ३१ लाख. माणसं बेटावरून उपनगरात गेली, आणि मोठी, जुनी कब्रस्तानं व दफनभूम्या मरीन लाइन्सला, शिवडीला, बेटावरच राहिल्या. माणसं हलवताना घरं मोजली, पाण्याचे नळ मोजले. तिथे माणसं मरतीलही, हे मोजल्याचं दिसत नाही.

देवनारचं कब्रस्तान अपुरं पडू लागलं, तेव्हा तिथले रहिवासी जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेले. जागा सुचवल्या गेल्या. एक रफीनगरची, कचराभूमीला लागून. १९२७पासून शहराचा कचरा जिथे पडतो, ती कचराभूमी. दुसरी आणिक गावाकडची, तेलशुद्धीकरण कारखान्याच्या शेजारची, वस्तीपासून काही किलोमीटर दूर. जून २०२४मध्ये न्यायालयाने महापालिकेला चांगलंच फैलावर घेतलं. मृतांनी काय मंगळावर जायचं का, अशा अर्थाचा प्रश्न विचारला, आणि मृतांसाठी जागा पुरवणं हे महापालिकेचं कायद्याने ठरलेलं कर्तव्य आहे याची आठवण दिली. ते खरंच आहे. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८चा, आणि मृतांच्या विल्हेवाटीसाठी नव्या जागा पुरवणं हे त्यात पालिकेच्या बंधनकारक कामांत धरलं आहे. दिवाबत्ती आणि गटारं जशी, तसंच हे. मेहेरबानी नव्हे.

मंगळाच्या वाक्याला दुसऱ्या दिवशी मोठे मथळे मिळाले. वाक्य चांगलं आहे, पण त्याने एक गैरसमज होतो. त्यातून असं वाटतं की पृथ्वीवर जागा संपली आहे आणि पालिका हतबल आहे. न्यायालयाला तसं म्हणायचं नव्हतं. पण आपण ऐकणारे ते तसं ऐकतो. अडचण जागा नसण्याची नाही. ज्या जागा सुचतात त्या बघा: एक कचऱ्याशेजारी, एक तेलाशेजारी. क्रॉफर्डसाहेबांनी गोऱ्यांसाठी बाग शोधली होती. आपण गोवंडीच्या माणसांसाठी, स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षं होऊन गेल्यावर, उरलेली जमीन शोधतो आहोत. आमची दुसरी टीका ही.

मग चांगली जमीन होती कुठे? परळ-लालबागच्या लोकांना हे सांगायला नको. ५८ गिरण्या, आणि सुमारे ६०० एकर जमीन, शहराच्या ऐन मध्यावर. १९९१च्या नियमावलीत ५८वा नियम आला: गिरणीच्या जमिनीचे तीन भाग करा, एक पालिकेला मोकळ्या जागा आणि सार्वजनिक सोयींसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली तो नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली बदललेला नियम कायम ठेवला. म्हणजे एका शब्दाच्या अर्थाने, ‘मोकळी जमीन’ या शब्दाच्या अर्थाने, शहराच्या हातून शेकडो एकरांतला मोठा वाटा निसटला. आज तिथे मनोरे आहेत. गोवंडीच्या माणसाला परळला पुरावं असं आम्ही म्हणत नाही. ते नानांच्या सिद्धांताविरुद्ध होईल. आमचं म्हणणं इतकंच की ज्या शहराने आपल्या डोळ्यांदेखत ६०० एकरांचा निकाल लावला, त्या शहराने ‘जागा नाही’ हे वाक्य वस्तुस्थिती म्हणून उच्चारू नये. तो निवाडा आहे. आणि निवाडा म्हटला की कारणं द्यावी लागतात.

पालिकेची बाजूही मांडू, नाहीतर ही टीका एकतर्फी होईल. खाडीकाठची जमीन किनारा नियमनात अडकते. भूजलाचा प्रश्न खरा आहे. कचराभूमीशेजारी पुरायला तज्ज्ञ नको म्हणतात ते उगाच नाही. खाजगी जमीन संपादन करायची तर भाव गगनाला भिडलेले. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे आपण. आरक्षण पडलं की शेजारच्या सोसायट्या अर्ज करतात: स्मशान हवं, पण इथे नको. असे अर्ज करणाऱ्यांत सगळ्या जातिधर्मांची माणसं असतात. एखाद्या मयताला जाऊन आल्यावर दोन दिवस आपल्याला वैराग्य येतं, स्मशानवैराग्य म्हणतात ते. तेवढ्यात घराच्या भावाचा विषय निघाला की उतरतं.

मग करायचं काय? नुसती टीका करून उठायचं नाही, म्हणून चार गोष्टी सांगतो.

एक, पुनर्वसनाची किंवा मोठ्या वसाहतीची कुठलीही योजना मंजूर करताना त्यात मृत्यूचा रकाना असावा. इतकी माणसं, इतके अपेक्षित मृत्यू, त्यांतली इतकी दफनं, इतकी दहनं, आणि त्यासाठी अमुक जागा. नळ आणि संडास मोजतो त्याच कागदावर.

दोन, अंतराची मर्यादा ठरवावी. पायी जमत नसेल तर शववाहिनीने किती मिनिटं, तेही रात्री आणि पावसाळ्यात. आणि लांबच जावं लागणार असेल, तर नेण्या-आणण्याची सोय पालिकेची.

तीन, कबर पुन्हा वापरण्याची वर्षं उघडपणे ठरवावीत, त्या त्या समाजाच्या लोकांना बसवून. समाजांनीही इथे आपला वाटा उचलायला हवा. पैसेवाल्यांच्या पक्क्या, कायमच्या कबरींनी जागा अडवायची आणि गरिबाला दोन वर्षांत उकरायचं, हा अन्याय पालिका करत नाही, आपले आपण करतो. ख्रिस्ती दफनभूम्यांत अस्थी भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवायची पद्धत रुळली आहे. त्याने नाव राहतं आणि जमीनही सुटते. इतरांनाही आपापल्या धर्मात बसणारे मार्ग काढता येतील, पण ते त्यांना काढू द्यावेत.

चार, नव्या जागा सोनापूरसारख्या असाव्यात: दहन, दफन, समाधी शेजारी-शेजारी, मधे झाडं, एकच रस्ता, एकच पाण्याची सोय. प्रत्येक धर्माची वेगळी मागणी, वेगळा मोर्चा आणि वेगळी याचिका करण्यापेक्षा ‘आमच्या विभागातल्या मेलेल्या माणसांना जागा द्या’ अशी एकच मागणी झाली, तर ती टाळणं कुणालाही जड जाईल.

आजचं ऐकणाऱ्यांपैकी जे मुंबईत राहतात त्यांना एक काम. आपल्या विभागाच्या विकास आराखड्याचा नकाशा पालिकेकडे पाहायला मिळतो. त्यात दफनभूमी-दहनभूमीचं आरक्षण कुठे आहे, किती आहे, आणि प्रत्यक्षात त्या जागेवर आज काय उभं आहे, ते पाहून या. पुढच्या वेळी त्यावरूनच सुरुवात करू. आता प्रश्न असतील तर विचारा.